हिलमी मास्तरांनी लपवलेला समुद्र

सूर गावात राहून समुद्र लपवायचा म्हणजे काय, हे सूर ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. गावाला तीन बाजूंनी पाणी. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना खारा वास येतो, दारांच्या बिजागऱ्या वर्षभरात गंजतात, आणि सकाळी मासेवाल्याची गाडी आली की गल्लीतली सगळी मांजरं रांग लावतात. अशा गावात आमच्या हिलमी मास्तरांनी सख्ख्या बहिणीपासून चार दिवस समुद्र लपवून ठेवला. त्या उद्योगात गाडी माझी होती, आणि बोलणी खाताना निम्मा वाटाही माझाच होता.

मी वगदी. मास्तरांच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. आम्ही दोघेही इजिप्तचे, पण मी अलेक्झांड्रियाचा. आम्हा अलेक्झांड्रियावाल्यांना दुसऱ्या कुणाचा समुद्र डोळ्यांत भरत नाही, आणि भरला तरी तसं म्हणायची पद्धत नाही. त्यामुळे ओमानला आल्यावर पहिली तीन वर्षं मी सूरच्या समुद्राला नावं ठेवली. ती खोड मास्तरांनी मोडली. एके दिवशी म्हणाले, "नावं ठेवायचीच आहेत तर जवळ जाऊन ठेव." आणि मला ओढत घेऊन गेले. तेव्हापासून पंधरा वर्षं मी त्यांच्याबरोबर चालतोय.

मास्तर भूगोल शिकवतात. मन्सूऱ्याजवळच्या एका खेड्यातले, जिथे पाणी म्हणजे कालवा आणि कालव्यात म्हशी. बावीस वर्षांपूर्वी नोकरीवर इथे आले, त्याच संध्याकाळी चालायला निघाले, आणि त्यांची वाट तेव्हापासून बदललेली नाही. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की एका हातात पुदिन्याच्या चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात खारवलेल्या तुर्मुसाच्या दाण्यांची पिशवी. आधी किनाऱ्याने ओल्या वाळूतून. मग खाडीच्या तोंडाशी वळायचं, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात. गलबत महिनाभरात तसूभर पुढे सरकलेलं नसलं तरी सुतारांना सलाम करून "वा, काम जोरात आहे" म्हणायचं. मग झुलता पूल ओलांडून पलीकडच्या अय्जा वस्तीत. तिथली पांढरी घरं, वाळूवर ओढलेल्या होड्या, भिंतीला टेकून बसलेले म्हातारे, आणि टोकाला दीपस्तंभ. दीपस्तंभाच्या भिंतीला तळहात टेकवायचा, आणि मगच चहा ओतायचा.

वर्गात हा माणूस इतका कडक की पोरं खोकताना परवानगी मागतात. पण दीपस्तंभाखाली चहा हातात आला की त्यांचा चेहरा सैल पडतो. "वगदी," ते म्हणायचे, "अल्लाने मला माझ्या लायकीपेक्षा जास्त दिलंय." आणि लगेच इकडेतिकडे बघून जवळच्या कुठल्यातरी होडीच्या लाकडावर तीनदा टकटक करायचे.

सगळ्या भानगडीचं मूळ ही टकटक आहे.

आमच्याकडे चांगलं चाललेलं कुणी उघड बोलत नाही. मुलगा गोरागोमटा झाला तर म्हणायचं, काळाबेंद्रा आहे. धंदा चालला तर म्हणायचं, कसंबसं भागतं. दृष्टीला आम्ही सगळेच भितो. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि मीही भितो. पण मास्तरांची भीती सगळ्यांच्या वरताण. त्यांची एक चुलतबहीण आहे, बहीगा. गावात त्यांच्या घरासमोरच राहते. ओमानच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "नशीब काढलंस रे हिलमी." त्याच संध्याकाळी मास्तर जिन्यावरून पडले, हात मोडला, आणि निघणं महिनाभर लांबलं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. इथे पोचल्यावर घरी पहिला फोन केला तो असा, की सूर म्हणजे वाळवंटातलं एक भिकार गाव, पाणी टँकरने येतं, झाड औषधाला नाही, संध्याकाळीसुद्धा दार उघडलं तर चटका बसतो. भूगोलाच्या मास्तरांनी समुद्रकाठचं अख्खं गाव उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. आणि एकदा सांगितलं ते सांगतच राहिले. एवढ्याशा खोट्याला बावीस वर्षं खतपाणी मिळालं.

हे बहीगाला सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण फोन थोरल्या बहिणीच्या घरी जायचा.

इन्शिराहताई मास्तरांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते आणि ताई चौदाच्या. ताईंनी शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. त्यांना स्वतःला मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला. त्यामुळे हिलमी हा त्यांचा भाऊ, मुलगा, सगळं एकच. मास्तर वाळवंटात होरपळतायत हे त्यांनी शब्दशः मानलं. दर गुरुवारी त्या कागदाची बाहुली कापायच्या, सुईने टोचत टोचत एकेकाचं नाव घ्यायच्या, "हिच्या दृष्टीपासून, त्याच्या दृष्टीपासून", आणि ती जाळून राख ओलांडायच्या. बहीगाचं नाव दोनदा. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तूप पाठवायच्या, सुकवलेली मुलुखियाची पालेभाजी पाठवायच्या, आणि एकदा तर ओला टॉवेल डोक्याला कसा बांधावा याची चिठ्ठी पाठवली होती.

मास्तरांनी ती चिठ्ठी मला दाखवली होती. तेव्हा ते हसले नव्हते. मी हसलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. अय्जाच्या खडकांवर शंख वेचताना मास्तर शेवाळावरून घसरले, पाय मुरगळला, आणि पंधरा दिवस लंगडत होते. व्हिडिओ कॉलवर ताईंनी पट्टी पाहिली. शंख वेचत होतो असं कसं सांगणार? म्हणून मास्तरांनी सांगितलं की शाळेच्या पटांगणात उन्हाने चक्कर येऊन पडलो. एवढं बोलले आणि स्वतःच घाबरले, कारण पलीकडून आवाजच येईना. मग ताई म्हणाल्या, "बस झालं. आता मी येते आणि तुला घेऊन जाते."

पासष्टाव्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला. कधी मन्सूऱ्याच्या पुढे फारशा न गेलेल्या बाईने जानेवारीच्या सुट्टीचं तिकीट काढलं आणि दिवस कळवला.

मास्तर माझ्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं कुणी गेलं. सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, त्यात काय, खरं सांगून टाका. ते म्हणाले, "वगदी, जिने मला भरवलं, तिला मी बावीस वर्षं फसवलं. हे कळल्यावर ती माझं तोंड बघणार नाही. आणि नाही सांगितलं तर ती मला घेऊन जाईल. मला इथून जायचं नाहीये. पण ताईला नाही म्हणायला मला येत नाही. आजवर कधी म्हटलेलं नाही."

मला राग आला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पन्नास पोरांना धाकात ठेवणारा, बहिणीचं नाव निघताच सहा वर्षांचा होतो. पण राग आला तरी गाडी मीच काढली.

मस्कतच्या विमानतळावरून सूरला यायला समुद्राला लागून झकास रस्ता आहे, दोन-अडीच तासांचा. आम्ही तो सोडला. इब्राकडून, वाळूच्या टेकड्यांमधून, जवळजवळ दुप्पट वेळ घेणारा आतला रस्ता धरला. ताई मागच्या सीटवर मास्तरांच्या बायकोशेजारी, आमच्या सनावहिनींशेजारी बसल्या होत्या. काळा पोशाख, काळे बूट, मांडीवर पिशवी. डिकीत दोन मोठ्या बॅगा: एकीत गोठवलेली चार बदकं, तूप, पापुद्र्यांची फतीर आणि दृष्ट काढायच्या धुपासाठी तुरटी, दुसरी अगदी रिकामी. ती मास्तरांचं सामान भरायला आणली होती.

खिडकीबाहेर तासन् तास उंट आणि माती. ताई मधूनच "बिचारा" एवढंच म्हणायच्या. शेजारच्या सीटवर मला मास्तरांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि गाडीत एसी चालू होता.

गावात शिरताना मास्तरांनी मला मागच्या गल्ल्यांतून फिरवलं. समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांवर सनावहिनींनी आधीच जाड पडदे ठोकून ठेवले होते. वहिनींचा या सगळ्याला पहिल्यापासून विरोध. पडदे ठोकता ठोकता त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण त्या ठोकत होत्या.

आता जानेवारीतला सूर म्हणजे अंगाला गोड लागणारी हवा. संध्याकाळी स्वेटर लागतं. ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, इथे तर छान गार आहे. मास्तर म्हणाले, थंडीची लाट आलीय, पन्नास वर्षांत आली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई नमाजाला उठल्या आणि म्हणाल्या, हा कसला आवाज? सारखा येतोय, थांबतच नाही. मास्तर म्हणाले, "वाळवंटातला वारा." तिसऱ्या दिवशी त्यांना माशांचा वास आला. मास्तरांनी तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर ढकलला. रोज संध्याकाळी असरनंतर ते खुर्चीत नुसते बसून राहायचे, पाय हलवत. सूरमध्ये असून, पाय धड असून त्यांची फेरी चुकत होती, बावीस वर्षांत प्रथमच. मी जाऊन यायचो आणि सुतारांना खोटंच सांगायचो की मास्तरांना ताप आहे. आता मीही त्यात बुडालो होतो.

ताई मात्र रोज थोडं थोडं सामान बांधत होत्या. मास्तरांचे हिवाळी कपडे, नकाशांची पुस्तकं, पोराच्या लग्नातला फोटो. रिकामी बॅग निम्मी भरली होती.

चौथा दिवस शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजाला आम्ही पुरुष बाहेर गेलो असताना शेजारच्या शम्सामावशी पाहुणीला भेटायला आल्या. सूरच्याच, मासे पकडणाऱ्या घराण्यातल्या. नव्या पाहुण्याकडे कॉफीची किटली आणि हलव्याचं ताट घेऊन जायचं, ही इथली रीत. ती टाळायला कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. पुढचं मला सनावहिनींनी सांगितलं. शम्सामावशींनी तीन पेले कॉफी पाजली, तब्येतपाणी विचारलं, आणि मग म्हणाल्या की ताई, अय्जापर्यंत जाऊन आलात की नाही? तुमचा भाऊ म्हणजे आमच्या समुद्राचा जावई. रोजची हजेरी. आमच्या नवऱ्याला वाऱ्याचा अंदाज हवा असेल तर तो तुमच्या भावाला विचारतो.

सनावहिनी म्हणाल्या, मी ताटातला हलवा बघत बसले, वर बघायची हिंमत झाली नाही.

ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "कुठला समुद्र?" शम्सामावशींना वाटलं पाहुणी थट्टा करतेय. त्या उठल्या आणि त्यांनी दिवाणखान्याचा पडदा बाजूला सारला.

आम्ही परत आलो तेव्हा पडदा उघडा होता. सगळी खोली उजेडाने भरली होती, आणि खिडकीत निळं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. मास्तर उंबऱ्यातच थांबले. ताई स्वयंपाकघरात बदक भाजत होत्या. त्यांनी आम्हाला हात धुवायला सांगितलं, वाढलं, मास्तरांच्या ताटात मांडीचा तुकडा घातला, आणि जेवण संपेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मास्तर ताटातला तुकडा नुसता उलटापालटा करत होते. मी मात्र जेवलो, कारण बदक उत्तम झालं होतं आणि गुन्हेगार मुख्यतः ते होते.

असरनंतर ताईंनी काळे बूट चढवले आणि दारात उभ्या राहिल्या.

"चल. रोज कुठे जातोस ते दाखव."

मास्तरांनी माझा दंड धरला. एकट्याला सोडू नकोस, असं त्यांच्या बोटांनी मला सांगितलं. म्हणून आम्ही तिघं निघालो. थर्मास सनावहिनींनीच भरून दिला.

किनाऱ्यावर शुक्रवारची गर्दी होती. पोरं चेंडू खेळत होती. मास्तर बहिणीच्या अर्धं पाऊल मागे, मान खाली. प्रत्येक दुसरा माणूस त्यांना सलाम करत होता. "ताप उतरला का मास्तर?" सुतारांनी गलबतावरून ओरडून विचारलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी गलबताकडे बघितलं. "तूसुद्धा या खोट्यात का रे?" त्या म्हणाल्या. मग झुलत्या पुलापर्यंत त्यांनी मला ऐकवलं: शिकलेला माणूस, पोराबाळांचा बाप, आणि म्हाताऱ्या बाईला वाळूच्या टेकड्यांतून पाच तास फिरवतोस. पुलावर येईपर्यंत माझी सगळी पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी काढून घेतली होती. पण भावाला एक शब्द नाही.

अय्जाची वळणं घेत आम्ही टोकाला पोचलो. सूर्य कलला होता, समोर खाडी आणि समुद्र एकमेकांत मिसळत होते, होड्या परतत होत्या. सवयीने मास्तरांचा हात दीपस्तंभाच्या भिंतीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. ताई कठड्यावर बसल्या. दम लागला नव्हता त्यांना, माझ्यापेक्षा बऱ्या चालल्या होत्या.

"पाणी टँकरने येतं म्हणालास," त्या म्हणाल्या.

"म्हणालो."

"दार उघडलं की चटका बसतो."

"म्हणालो, ताई."

"बावीस वर्षं?"

मास्तरांनी भिंतीकडे गेलेला हात मागे घेतला.

ताई समुद्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रास अल-बर आठवतं? तू बारा वर्षांचा होतास. बसने नेलं होतं तुला. भात भरलेली कोबीची महशी बांधून घेतली होती."

मास्तरांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली होती. नाईल जिथे समुद्राला मिळते त्या टोकावर ताईंनी त्यांचा हात धरून त्यांना पहिल्यांदा समुद्र दाखवला होता. एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं, आणि मध्ये त्या दोघांचे पाय. घरी परतल्यावर बापाने दोघांनाही झोडपलं होतं. भूगोल त्याच दिवशी डोक्यात शिरला, असं मास्तर म्हणतात.

"गावातली सगळी दर उन्हाळ्यात जातात रास अल-बरला," ताई म्हणाल्या. "तू इकडे आल्यापासून मी गेले नाही."

"तुझे गुडघे दुखतात म्हणून..."

"गुडघे दुखत असते तर इथवर चालत आले असते का, गाढवा?" त्या मास्तरांकडे वळल्या. "माझा भाऊ भट्टीत भाजतोय आणि मी पाण्यात पाय सोडून बसू? मी नवस बोलले होते. हिलमी सुखरूप परत येईपर्यंत समुद्राला पाय लावणार नाही. बावीस उन्हाळे मी घरात काढले. बहीगा परत येऊन मला वाळू दाखवायची बुटातली."

मास्तर खाली बसले. तिथेच, बहिणीच्या पायांशी, आणि तोंड झाकून रडू लागले. मी त्यांना अठरा वर्षं ओळखतो, रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी थर्मासचं झाकण उघडत आणि लावत राहिलो. मला त्यांची लाज वाटली, आणि ज्या चिठ्ठीला मी हसलो होतो तिची आठवण होऊन माझी स्वतःचीही वाटली. ती चिठ्ठी लिहिणारी बाई तिकडे बावीस वर्षं समुद्राकडे पाठ करून बसली होती आणि आम्ही इथे तुर्मुस खात होतो.

मला वाटलं आता ताई उठतील, घरी जातील, बॅग पूर्ण भरतील आणि भावाला घेऊन किंवा भावाला कायमचं सोडून निघून जातील. मास्तरांनाही तेच वाटत असावं.

ताईंनी मास्तरांचा कान धरला. चांगला पिळला, लाल होईपर्यंत. मग तोच हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"रोज झोपताना डोळे मिटले की तू दिसायचास," त्या म्हणाल्या. "उन्हात, डोक्याला टॉवेल बांधून. बावीस वर्षं मी नीट झोपलेली नाही हिलमी. आणि तू इथे होतास? हे बघत होतास? रोज?"

"रोज," मास्तर हुंदक्यात म्हणाले.

"अल्हम्दुलिल्लाह," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास असा मोकळा सुटला की मलाही माझा धरून ठेवलेला श्वास सोडावा लागला. "अल्हम्दुलिल्लाह. माझं पोर भाजलं नाही." त्या रडत होत्या आणि हसत होत्या, आणि उरावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखी बाई कठड्यावर हलकी होऊन बसली होती. मग पुन्हा कपाळाला आठ्या पडल्या. "पण मला का नाही सांगितलंस? माझी दृष्ट लागली असती तुला? माझी?"

मास्तरांनी डोळे पुसले. "तुझी नाही. पण तुला सांगितलं असतं तर तू आनंदाने सगळ्या गल्लीला सांगितलं असतंस. बहीगाला पहिलं."

ताईंनी विचार केला. प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "हो. सांगितलं असतं."

चहा निवत चालला होता. मी तीन कप ओतले. ताईंनी त्यांचा कप संपवला, वाकून बूट काढले, मोजे काढून बुटात नीट खोचले, आणि काळा झगा घोट्यांच्या वर धरून खडकांमधल्या वाळूच्या पट्ट्यावर, बांधून ठेवलेल्या एका होडीशेजारी उतरल्या. मास्तर शेवाळ आहे, शेवाळ आहे, असं ओरडत मागे धावले. पहिली लाट पायावरून गेली तेव्हा ताई थबकल्या. दुसरी आली. मग त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले. पासष्ट आणि सत्तावन्न. मी दीपस्तंभाकडे तोंड केलं, कारण काही गोष्टी बघत बसायच्या नसतात.

मी परत वळलो तेव्हा व्यवहाराचं बोलणं चाललं होतं. कंत्राटाची अजून किती वर्षं, तर तीन. मग पुरी कर, ताई म्हणाल्या. ती बॅग रिकामी करून दे, पुढच्या जानेवारीत मला लागेल. दरवेळी एवढी बदकं एकाच बॅगेत कोंबायला मी वेडी नाही. मास्तर पाण्यातून बाहेर आले, भिंतीपाशी गेले, आणि दीपस्तंभाला तळहात टेकवून उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

तेवढ्यात ताईंच्या पिशवीत फोन वाजला. मी तो पाण्यापर्यंत नेऊन दिला. पडद्यावर नाव होतं बहीगाचं, आणि कॉल व्हिडिओचा होता.

ताईंनी क्षणभर फोनकडे बघितलं. मग भावाकडे. मग मागच्या पाण्याकडे, होड्यांकडे, पांढऱ्या घरांकडे. त्या वाकल्या, ओंजळभर समुद्राचं पाणी घेऊन कपाळावर आणि गालांवर मारलं, अगदी घाम निथळतोय असं दिसेपर्यंत. फोन तोंडाजवळ धरला, इतका जवळ की नाकापलीकडे काही दिसू नये, आणि तशाच पाण्यात उभ्या राहून त्यांनी कॉल घेतला.

"काय सांगू बहीगा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "भट्टी आहे नुसती. माझा भाऊ इथे कसा जगतो, त्याचं त्याला ठाऊक."

पलीकडून बहीगाने हळहळ व्यक्त केली. मग तिचा आवाज आला, "आणि हा मागे कसला आवाज येतोय सारखा?"

एक लाट ताईंच्या पायांवरून वर गेली आणि परत फिरली. मास्तरांनी माझा दंड धरला होता, पुन्हा तितकाच घट्ट.

"वाळवंटातला वारा," ताई म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने शेजारच्या होडीच्या लाकडावर तीनदा टकटक केली.